पलीकडची ढील

नवा टायर हातात घेऊन रिमवर धरून पाहिला की तो रिमपेक्षा लहानच वाटतो. दुकानदाराने भलत्या मापाचा दिला की काय, अशी शंका दर वेळी येते. आकडे ताडून पाहावेत तर जुळतात. रिमवर जे कोरलेलं असतं तेच टायरच्या अंगावर उठवलेलं असतं. तरी डोळ्यांची खात्री पटत नाही. एवढासा हा घेर त्या एवढ्या चाकावर चढणार कसा? चेन्नईत अड्यारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान आहे. तिथे आडव्या बांबूला असे नवे टायर टांगलेले असतात, रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ते एकमेकांना घासतात आणि नव्या रबराचा वास गल्लीत पसरतो. तो वास मला मनापासून आवडतो. मोगऱ्याच्या गजऱ्यांच्या या गावात हे चारचौघांत सांगायची सोय नाही.

दुकान म्हणजे तरी काय, करंजाच्या झाडाला पाठ लावून उभी असलेली पत्र्याची टपरी. एल. बी. रोडवरची बसगाड्यांची वर्दळ दोन वळणं मागे राहते. एप्रिलमध्ये करंज फुलतो आणि त्याची फिकट जांभळी फुलं दिवसभर गळत राहतात. पत्र्यावर, उलट्या उभ्या केलेल्या सायकलींच्या पेडलांवर, पंक्चर शोधायच्या घमेल्यात. ट्यूब पाण्यात बुडवण्याआधी दुकानाचा मालक बोटाने फुलं कडेला सारतो. नाहीतर बुडबुडा कुठला आणि फूल कुठलं ते कळत नाही. साठी उलटलेला हा माणूस सगळ्या गल्लीचा अण्णा आहे. मला तो अम्मा म्हणतो. त्याची हिंदी आणि माझी तमिळ एकाच इयत्तेत आहेत, त्यामुळे आमचं बोलणं मोजकं आणि मुद्द्याचं होतं. एव्वळवु, किती? नाळैक्कु, उद्या. बाकीचं सगळं हातांनी.

सायकल मुलाची. तो इथल्या आयआयटीत शिकायला आला तेव्हा घेतलेली. 1959 साली जर्मनांच्या मदतीने उभी राहिलेली ही संस्था गिंडीच्या जंगलाला लागून आहे. आत हरणं हिंडतात आणि मुलं सायकलींवरून. वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत : कृष्णा, कावेरी, गोदावरी, नर्मदा, ताप्ती. मुलगा गोदावरीत राहायचा. ‘आज गोदावरीला पाणी नाही गं,’ असा त्याचा फोन आला की नाशिकची माझी बहीण हसून बेजार व्हायची. पुढे शिक्षण संपलं, इथेच नोकरी लागली, गांधीनगरला घर झालं, सून आली. सायकल मात्र पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात राहिली. निवृत्तीनंतर डोंबिवलीचं घर बंद करून मी इथे आले तेव्हा या शहरात सगळ्यात आधी गट्टी जमली ती या सायकलशी.

सायकल मी सांगलीला शिकले. तासावर भाड्याने मिळायची. आधी नळीखालून पाय घालून, मग नळीवरून, मग एकदाची सीटवर. त्या भाड्याच्या सायकलींवर हर्क्युलसचं नाव असायचं. ती येते कुठून, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. सायकल दुकानातून येते एवढं पुरेसं होतं. ती इथली. 1949 साली मुरुगप्पा घराण्याने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सशी हातमिळवणी करून मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्सचा कारखाना काढला, त्यातली. रबराचंही तसंच. याच शहराच्या उत्तर टोकाला, तिरुवोट्रियूरला, 1946 साली एका शेडमध्ये मुलांचे फुगे बनायला लागले आणि तेच पुढे एमआरएफ टायर झाले. फुग्यांपासून टायरपर्यंत जाणं मला फार साहजिक वाटतं. शेवटी दोन्हीकडे कोंडायची ती हवाच. म्हातारपणी परक्या गावी आले असं मी समजत होते, आणि इथे कळलं की माझ्या लहानपणाचा एक तुकडा याच गावातून रेल्वेने सांगलीला येऊन पडला होता.

सकाळी उजाडताना मी निघते. बेझंट ॲव्हेन्यूला वळलं की एका बाजूला थिऑसॉफिकल सोसायटीची भिंत लागते. ही मंडळी 1882 साली अड्यारला येऊन स्थिरावली. आतल्या प्रसिद्ध वडाचं मधलं खोड 1989 च्या वादळात कोसळलं. वड आहेच, पारंब्यांवर. सावलीचा हा पट्टा संपला की बेझंटनगर, आणि मग एकदम मोकळा एलियट्स बीच, बुडणाऱ्यांना वाचवताना 1930 साली स्वतः बुडालेल्या कार्ल श्मिट या डॅनिश खलाशाचं पांढरं स्मारक, मासळीचा वास, पळणारे, चालणारे, नुसतेच उभे राहणारे. परतताना ऊन कानांवर येतं. चेन्नईचं ऊन सांगलीसारखं कोरडं भाजत नाही, ओल्या फडक्यासारखं अंगाला चिकटतं. कधी मधेच मागचं चाक फसफसतं. मग सायकल हाताने ढकलत टपरी गाठायची. रस्त्यावर एवढे खिळे येतात कुठून, हा प्रश्न सगळ्या जगातल्या सायकलवाल्यांना पडत असावा, आणि पंक्चरवाल्याकडे पाहून पडत असावा.

मुद्दाम खिळे टाकल्याची एक नोंद मात्र इतिहासात आहे, आणि ते पंक्चरवाल्याने टाकले नव्हते. 1888 साली बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर लावले आणि जगाला मऊ चालीची चटक लागली. पण ते टायर चाकाला डकवलेले असत. पंक्चर झालं की सोलून काढा, ठिगळ लावा, पुन्हा डकवा, वाळायला रात्रभर ठेवा. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात एक सायकलस्वार असाच अडलेला टायर घेऊन आला, आणि त्या खटाटोपातून एदुआर मिशलँच्या डोक्यात काढता-घालता येणारा टायर आला. 1891 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ त्यावर बाराशे किलोमीटर दौडून पहिला आला. पुढच्या वर्षी मिशलँनी स्वतःच पॅरिस ते क्लेरमाँ शर्यत भरवली आणि वाटेत खिळे पेरून ठेवले. टायर फुटणार हे त्यांना लपवायचं नव्हतंच. फुटला तरी रस्त्याच्या कडेला बसून बदलता येतो, हे दाखवायचं होतं. मला ही जाहिरात फार प्रामाणिक वाटते. आमचं कधी बिघडणारच नाही, असं सांगणाऱ्यांच्या जगात ‘बिघडेल, पण तुमच्या हाताने नीट होईल’ असं म्हणणारा व्यापारी विरळा.

आपण आज वापरतो त्या टायरचं मूळ मात्र 1890 मधल्या एका इंग्रज पेटंटात आहे. चार्ल्स किंग्स्टन वेल्च या माणसाने टायरच्या दोन्ही कडांत तार घातली आणि रिमच्या मधोमध खोलगट चर ठेवला. तार आणि चर. सायकलवर बसणाऱ्या बहुतेकांनी हा चर कधी पाहिलेला नसतो, कारण तो कायम झाकलेला असतो, टायरखाली, ट्यूबखाली, पट्टीखाली. पण सगळी गंमत तिथेच आहे.

अण्णा टायर चढवतो ते पाहावं. चाक मांडीला टेकवून तो बसतो. एक कड आधीच आत गेलेली असते. ती जाते, तिचं काही कौतुक नाही. ट्यूबमध्ये तो दोन पंप हवा भरतो, जेमतेम अंग धरेल इतकी, आणि ती आत सारतो. मग वॉलच्या बरोबर समोरून दुसरी कड घालायला सुरुवात. दोन्ही हात दोन बाजूंनी, सारख्या चालीने वर सरकत येतात. निम्मं चाक सहज. पाऊण चाक थोडं कुरकुरत. शेवटी वॉलपाशी वीतभर कड बाहेर राहते आणि ती हटून बसते. तार रिमच्या काठावर ताणून उभी असते, बोटाने टिचकी मारली तर वाजेल अशी. इथे आपण कुणीही असतो तर दात-ओठ खाऊन अंगठे लावले असते, किंवा लोखंडी पट्टी घालून उचकटलं असतं. आणि पट्टीच्या टोकाखाली ट्यूबला चिमटा बसून नवं पंक्चर झालं असतं, हवा भरायच्याही आधी.

अण्णा तिथे हातच लावत नाही. हटून बसलेली ती वीत तशीच सोडून तो चाकाच्या पार पलीकडे जातो, जिथे सगळं केव्हाच बसलेलं आहे, जिथे काही अडलेलं नाही. तिथे टायरच्या दोन्ही कडा चिमटीत धरून तो मधल्या चरात दाबतो. मग चिमटी पुढे, पुन्हा दाब, आणखी पुढे. दोन्ही बाजूंनी असं कुरवाळत, ओढून घेत तो वर येतो. ‘मेदुवा, अम्मा, मेदुवा,’ म्हणतो, हळू, हळू. मला म्हणतो की टायरला, कुणास ठाऊक. करवंटीत साबणाचा एक चपटा तुकडा भिजत पडलेला असतो, त्यात बोट बुडवून ते काठावरून फिरवतो. आता वॉलपाशी आल्यावर मघाची वीत चार बोटं झालेली असते आणि तारेचा ताठा गेलेला असतो. मग तळहाताचा मनगटाकडचा गादीदार भाग कडेवर टेकवून एकच लाट. टप्. वॉल वर आत ढकलून तो परत खाली ओढतो, म्हणजे तिथे ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. थोडी हवा, चाक एकदा फिरवून कडेची रेघ सगळीकडे सारखी आहे ना ते पाहणं, मग पुरी हवा. सगळ्याला गाणं संपेल एवढा वेळ लागतो. रेडिओवर इळैयराजा असतोच.

यातली युक्ती कागदावर मांडली तर शाळेतलं गणित आहे. तार ताणत नाही. कितीही जोर लावा, ती तसूभर लांब होणार नाही. झाली असती तर हवा भरल्यावर टायर रिमवरून निसटून गेला असता. म्हणजे घट्टपणा ही तिची खोड नाही, ते तिचं काम आहे. पण चरातला व्यास काठाच्या व्यासापेक्षा कमी असतो, आणि व्यास एक मिलिमीटरने घटला की घेर तीन मिलिमीटरांहून थोडा जास्त घटतो. पलीकडे कड चरात उतरली की तिथे तिला कमी वाट चालावी लागते. वाचलेली लांबी अलीकडे, जिथे नड आहे तिथे, येते. वॉलपाशी ट्यूबचं बूड जाड असतं, ते चर अडवून बसतं. म्हणून ती जागा शेवटी घ्यायची. आणि म्हणूनच काही रिम विनाकारण छळतात : मेकॅनिकने स्पोकांची टोकं टोचू नयेत म्हणून जुन्या ट्यूबची जाड पट्टी चरात घातलेली असते, आणि उतरायला जागाच उरलेली नसते. पातळ पट्टी घाला, टायर निमूट बसतो. मापाचीही एक मेख आहे. जुन्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस इंची टायर जिथे बसतो तिथला व्यास 635 मिलिमीटर, आणि हल्लीच्या हलक्या सायकलींच्या सातशे सी टायरचा 622. दोन्हींना अठ्ठावीसच म्हणण्याचा प्रघात आहे. तिथे मात्र चर, साबण, अण्णा, कुणाचं काही चालत नाही.

हे पाहताना मला दर वेळी लोकलचा लेडीज डबा आठवतो. बाक तिघींचा. चौथी येऊन उभी राहते आणि नुसतं म्हणते, ‘जरा आत घ्या.’ बाक तर एक इंचही वाढत नाही. चौथीने कडेशी बसलेल्या बाईला कितीही रेटलं तरी जागा होत नाही, भांडण होतं. जागा होते ती खिडकीशी. तिथली बाई, जिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, जी सव्वासातला कल्याणहून बसून आली आहे आणि जिचे डोळे मिटलेले आहेत, ती डोळे न उघडता दोन बोटं सरकते. मधली दोन बोटं, तिसरी दोन बोटं. आणि कडेला अर्ध्या मांडीपुरता ऐवज तयार होतो. डोंबिवली ते व्हीटी अख्खी नोकरी मी त्या अर्ध्या मांडीवर केली आणि तिच्याबद्दल कधी विचार केला नाही. जागा अडते एकीकडे आणि मिळते दुसरीकडेच, हे अड्यारला येऊन करंजाखाली बसल्यावर डोक्यात उतरलं.

इथवर आलं की मन लगेच सुभाषितं करायला लागतं : माणसंही अशीच, घरंही अशीच, जिथे अडलंय तिथे जोर लावू नये, पलीकडे जाऊन ढील शोधावी. काही अंशी ते खरंही आहे. सुनेच्या स्वयंपाकघरात फोडणीच्या तेलावरून आमचं एकदा बिनसलं. मुलगा मध्यस्थी करायला तेलाबद्दलच बोलत बसला आणि गाठ आणखी घट्ट झाली. सुटली ती भलत्याच टोकाला. संध्याकाळी तिने तिच्या आईकडून आलेला चिक्कूंचा डबा माझ्यापुढे ठेवला, मी तिला त्यातले पिकलेले कोणते ते हाताने दाबून दाखवत बसले, आणि रात्री आमटीत तिळाचं तेल होतं की शेंगदाण्याचं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पण सुभाषितावर माझा पुरता विश्वास बसत नाही, कारण मी पुष्कळ वर्षं खिडकीशीही बसले आहे. सरकून घेणाऱ्या बहुतेकदा त्याच त्या असतात. डब्यात काही बायका अशा असत की त्यांना कुणी ‘आत घ्या’ म्हणतच नसे. त्यांच्या बसण्यातच तशी जरब होती. आणि काही जणी चौथी दिसली की विचारायच्या आत आक्रसून घेत. घरातही तेच. एकाची तार कायम काठावर दिमाखात, आणि दुसऱ्याने कायम चरात उतरायचं, यालाच कित्येक घरांत सलोखा म्हणतात. चाकाचं तसं नाही, हे नीट बघितलं पाहिजे. हवा भरली की चरात उतरलेली कड पुन्हा वर येते, काठाला भिडते, आणि सगळा घेर सारखा ताठ होतो. खाली उतरणं हे टायर चढेपर्यंतचं. ज्याने ढील दिली त्याला परत आपल्या जागी आणणारी ती हवा घराघरांत कोण भरतं, हे मला अजून दिसलेलं नाही. माझ्या आईला ती मिळाली नाही. मला मिळाली का? अर्धीमुर्धी, तीही उशिरा. पगाराचं पासबुक माझ्या नावाचं होतं म्हणून.

अण्णाशी हे बोलायचं म्हटलं तर बोलणार कशात? मध्ये एकदा मी हातांनी तसा प्रयत्न केला होता. चाकाकडे बोट, मग घराकडे, मग स्वतःकडे. त्याला वाटलं मला घरी न्यायला एक पंप हवा आहे. त्याने दिला. दोन दिवसांनी परत कर, म्हणाला.

हल्ली त्याच्याकडे ट्यूबलेस टायरच्या सायकली यायला लागल्या आहेत. ईस्ट कोस्ट रोडवर रविवारी पहाटे महाबलीपुरमच्या दिशेने जाणाऱ्या तरुणांच्या. त्यांच्या टायरची कड रिमला हवाबंद चिकटावी लागते, म्हणून माप आणखी काटेकोर, आणि चढवायला आणखी घट्ट. मुलं मोबाइलवर चित्रफीत लावून अण्णाला दाखवतात, त्यात परदेशी माणूस नेमकं अण्णाच करतो तेच करत असतो. अण्णा शेवटपर्यंत पाहतो, मान डोलावतो आणि करवंटी जवळ ओढतो.

माझ्या मागच्या टायरची नक्षी मधोमध गुळगुळीत झाली आहे. इतका वापरलेला टायर काढायला-घालायला सोपा. एकदा कड सुटली की पट्टीसुद्धा लागत नाही. नवा घेतला की पुन्हा तोच अंगठ्यांचा छळ. ऑक्टोबरात इथला ईशान्य मोसमी पाऊस सुरू होईल, आणि एल. बी. रोडवर घोटाभर पाण्यात गुळगुळीत चाकावर फिरण्याचं माझं वय नाही, असं मुलाचं म्हणणं. तो म्हणतो नवी सायकलच घे. सून म्हणते जुनीच बरी, आईंच्या उंचीला बसलेली आहे. अण्णाने टायर दाबून पाहिला, बोट फिरवलं आणि बांबूवरच्या एका टायरकडे मान वळवली. मी किंमत विचारली. मग त्याला म्हटलं, हा नवा बसवताना शेवटची वीत मला करू दे. तो माझ्या अंगठ्यांकडे पाहून नाही म्हणाला नाही, हो तर अजिबातच म्हणाला नाही. नाळैक्कु, म्हणाला. बघू आता, त्याचं उद्या कधी उजाडतं ते.